कानबाईचा सर आणि चिंचेचं पाणी

मी एक मोत्यांचा सर बोलतोय. सोनगीरच्या तांबटांच्या कानबाईच्या गळ्यात श्रावणातल्या एका रविवारी जो दिसायचा, तोच मी. सध्या मुंबईत एका लोखंडी कपाटात मखमलीवर पडून आहे. दोन-चार दिवसांत इथूनही हलवणार म्हणतात. तोवर चार गोष्टी सांगून घेतो. घाई नाही. मोत्याला घाई कधी जमली नाही, आणि ज्याला जमली तो मोती झाला नाही.

शिकलेला मी नाही. पण गळ्याशी राहणाऱ्याला ऐकू फार येतं. माणूस बोलतो ते सगळेच ऐकतात. बोलायचं म्हणून घशापर्यंत आलेलं आणि तिथूनच परत गिळलेलं, ते मात्र जाताना मला घासून जातं. तेवढं शिक्षण मला पुरलं.

माझा जन्म बसऱ्याकडच्या खाडीतला. जन्म तरी कसला, उपद्रव म्हणा. एकसष्ट शिंपल्यांना एकसष्ट वेळा काहीतरी खुपलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही, खुपणाऱ्यावर गपचूप थर चढवत बसले, म्हणून आम्ही झालो. आमच्यातले कोणीच सख्खे नाहीत. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं मापानं निवडून एका दोऱ्यात ओवले, तेव्हापासून भाऊबंद. माणसांच्या भाऊबंदकीचंही फार वेगळं असतं असं मला पुढे वाटलं नाही.

पहिली मालकीण एका कापूस दलालाची बायको. ती मला घालून सज्ज्यात उभी राहायची, समोरच्या माडीवरची बाई बाहेर येईपर्यंत. समोरची आली, तिनं बघितलं, की ही आत. मग मी डब्यात. बरीच वर्षं माझं काम एवढंच होतं.

तिच्यानंतर मी एका नाटक मंडळीत गेलो. त्या काळी नाटकात बाईचं काम पुरुषच करायचे. आमचे गृहस्थ सकाळी दाढी घोटून घ्यायचे, संध्याकाळी राणी व्हायचे. मला बोटाशी चाळवत ते असे लाजायचे की पुढच्या रांगेतल्या बायका घरी जाऊन आरशासमोर तसं लाजून बघत असतील. घाम आणि पावडर यांनी जीव नकोसा व्हायचा, पण ते दिवस मजेचे होते.

खानदेशात त्यांचा मुक्काम पडला तेव्हा एका जहागीरदारानं नाटक पाहिलं आणि पडदा पडल्यावर मला राणीच्या गळ्यातूनच विकत घेतलं. घरच्या राणीला दिलं. ती बाई स्वभावानं साधी. न्हायला बसली की मला बंबाच्या झाकणाच्या गोंड्यावर अडकवून ठेवायची. एक दिवस मी घसरलो आणि झाकणाच्या फटीतून आत गेलो. शोधाशोध झाली, नोकरमाणसांच्या झडत्या झाल्या, एकीला कामावरून काढलं. मी बंबाच्या बुडाशी पडून. सांगणार कसं? आम्हाला ऐकू येतं, बोलता आज येतंय.

पुढे बंब गळायला लागला. दुरुस्तीला सोनगीरला आला, झिपरू तांबटाकडे. सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी तेव्हाही नावाजलेली. झिपरूनं बंब उलटा करून हलवला, आत काहीतरी खुळखुळलं, आणि क्षाराची पुटं चढलेला मी त्याच्या पायाशी पडलो. त्यानं मला फडक्यात गुंडाळलं आणि चालत जाऊन परत दिलं.

बाई तोवर विधवा झाली होती. तिनं मला हातात घेतलं. मग म्हणाली, "मला आता चालत नाही. लेक नाही, सून नाही. तुमच्याकडे कानबाई बसते ना? तिला घाल." आणि कामावरून काढलेल्या बाईला तिनं त्याच दिवशी बोलावणं पाठवलं.

अशी माझी खरी हकीकत. त्यात वाघ नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण वाघ पुढे येणार आहे.

कानबाई ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे ही देवी बसते. नारळालाच देवी मानतात. त्याला नथ, डोळे, लुगडं, दागिने. सगळी भाऊबंदकी एका घरी जमते. रात्रभर गाणी, सोमवारी वाजत-गाजत नदीवर. नारळाला गळा नसतो, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. मला कलशाला बांधावं लागतं. पण मान मोठा. वर्षातून एक दिवस काम आणि उरलेलं वर्ष तांब्याच्या डब्यात आराम, अशी नोकरी कोणाला मिळते?

घरातली थोरली सून मला सांभाळायची. गार दागिना देवीला घालायचा नाही, असा या घरचा रिवाज. म्हणून ती सून सकाळपासून मला स्वतःच्या गळ्यात, पदराखाली ठेवायची आणि ऊब आली की देवीला घालायची. गेली चाळीसेक वर्षं ती सून म्हणजे कुंदाबाई.

कुंदाबाई बोलायला कमी. पण तिच्या घशातून परत गेलेलं मी जेवढं ऐकलं, तेवढं जहागीरदारणीकडेही ऐकलं नव्हतं.

कानबाईचे रोट असतात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचा, त्याच्या पिठाचे रोट करायचे. ते कुळातल्यांनीच खायचे. सुनांना चालतात, कारण त्या या कुळात आल्या. लग्न झालेल्या लेकींना चालत नाहीत, कारण त्या गेल्या.

कुंदाबाईचा धाकटा दीर भटू, झिपरूचा नातू. आता सगळे त्याला भटू आबा म्हणतात. त्याची लेक रोहिणी लग्नानंतर पहिल्यांदा कानबाईला माहेरी आली होती. तीस वर्षं झाली त्याला. पोर सवयीनं पंगतीत बसली, रोटाला हात लावणार, तोच कुंदाबाईच्या सासूनं ताट बाजूला सरकवलं. "तू आते दुसरानी शे, माय. तुले चालत नही." रागानं नाही, मायेनंच म्हणाली. रोहिणी हसली, उठली, मोरीवर जाऊन हात धुतले. हाताला काहीच लागलं नव्हतं, तरी बराच वेळ धुतले.

त्या दिवशी मी कुंदाबाईच्या गळ्यातून देवीच्या गळ्यात जायचा होतो. जाताना तिच्या घशातून जे खाली गेलं, ते मला अजून खरखरतं.

पंधरा दिवसांनी ती मला पदराखाली घालून बसनं धुळ्याला घेऊन गेली. देवपुरात धुरपदाबाई राहते, दागिने ओवणारी पटवेकरीण. कुंदाबाईनं मला तिच्यापुढे ठेवलं.

"एक मोती काढ."

"काढस. पण देवीना गळामा खड्डा पडी, अक्का."

"तठे दुसरा बसाड. काचना."

"खोटा?"

"मी देवीले सांगी ठेवेल शे."

धुरपदाबाईनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मंग माले काय," म्हणाली आणि कात्री घेतली.

तो मोती रोहिणीच्या ओटीत गेला. तांदळात मिसळून. सासरी निघताना कुंदाबाई तिच्या कानाशी एवढंच म्हणाली, "तांदूळ निवडशी तवय जपीसन निवडजो." रोट कुळाबाहेर जात नाहीत हे खरं. मोत्याबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं.

मग सवयच पडली. घरातली लेक सासरी निघाली की माझ्यातला एक मोती कमी आणि एक काच जास्त. तीस वर्षांत अकरा लेकी गेल्या. पाचवीनं तांदूळ निवडलेच नाहीत. तिच्या वाट्याचा मोती कुकरच्या तीन शिट्ट्या खाऊन निघाला. ती कुंदाबाईच्या कानाशी सांगते, त्याला अजून भाताचा वास येतो. पण त्यापलीकडे कोणी कोणाला बोललं नाही. अकरा बायकांनी तीस वर्षं एक गोष्ट पोटात ठेवली. बायकांच्या पोटात काही राहत नाही असं म्हणणारे पुरुष शेजारच्याच खोलीत बसलेले असायचे.

काचेचे ते अकरा जण स्वभावानं बरे. फक्त लवकर ऊब घेत नाहीत.

आता या वर्षीचं सांगतो.

कुंदाबाईचा मुलगा हितेंद्र. त्याला नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत गाळा घेऊन तांब्याच्या बाटल्या करायचं यंत्र बसवायचं होतं. भटू आबा अजून हातानं ठोकतो. दोघांचं रोज वाजायचं.

"आबा, तुमचा एक हंडा होईपर्यंत यंत्र दोनशे बाटल्या काढतं."

"आन त्या बाटलीले ना पोट, ना काठ. तेले भांडं म्हणतस का?"

गाळ्याचं जमवायला हितेंद्रनं माझं नाव काढलं. जळगावला एका मुंबईच्या कंपनीचा जुन्या दागिन्यांचा लिलाव होणार होता. भाऊबंदकीला विचारायला हवं होतं, कारण मी कोणा एकाचा नाही. सगळ्यांनी भटू आबाकडे पाहिलं. मला वाटलं, हा नाही म्हणेल. पण हितेंद्रनं मध्येच सांगितलं, की दागिन्याचा इतिहास ते मोठ्या पुस्तकात छापतात.

"छापतस?" आबा म्हणाला.

"फोटोसकट."

झालं. आबा तयार. कारण आबाकडे वाघ होता.

कंपनीचा माणूस आला, भूपेंद्र नावाचा, जळगावचाच. त्यानं पांढरे हातमोजे घातले तेव्हा मला वाटलं मला काही रोग झालाय. भिंग लावून वरवर पाहिलं आणि आबाला विचारलं, "हा तुमच्याकडे आला कसा?"

"आमना आजानी जहागीरदारले वाघना तोंडमातून काढं. हातमा नुसतं तांबानं झाकण व्हतं."

"कोणत्या सालची गोष्ट, आबा?"

"वाघ व्हतात तवयनी."

भूपेंद्रनं ते लिहून घेतलं. मग म्हणाला, "जळगावला यंत्रावर तपासणी होईल. एकेका मोत्याचा आतून फोटो निघतो. खोटा असला तर लगेच कळतं. अर्थात, तुमच्याकडे तो प्रश्न नाही."

कुंदाबाई दाराशी उभी होती. मी त्या वेळी भूपेंद्रच्या हातात होतो, तिच्या गळ्यात नव्हतो. तरी मला कळलं.

देवीच्या गळ्यातून मोती काढणारी बाई. चाळीस वर्षं ज्या घरानं डब्याची किल्ली विश्वासानं तिच्या कमरेला दिली, तेच घर उद्या तिला चोर म्हणणार. मुलाचं यंत्र राहील बाजूला, तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तिनं मग आपल्या परीनं दिवस ढकलले. आधी अमावास्या आली. मग मोती शनिवारी घराबाहेर देत नाहीत, असा एक रिवाज निघाला, जो मीही पहिल्यांदाच ऐकला. मग किल्ली हरवली. ती हितेंद्रच्या लेकीला, ऋतिकाला, बाजरीच्या पिठात सापडली.

"आजी, किल्ली पिठात कशी गेली गं?"

"दळणात आली असेल," कुंदाबाई म्हणाली.

शेवटी भूपेंद्र मला न्यायला येणार त्याच्या दोन दिवस आधी ती हितेंद्रच्या गाडीवर बसून देवपूरला गेली, धुरपदाबाईला विचारायला की आता काय करायचं. घाईत किल्ली घरी राहिली. आणि घरी भटू आबा होता.

आबाच्या मनात वाईट काही नव्हतं, हे आधी सांगतो. त्यानं डबा उघडला, मला उजेडात धरलं, आणि त्याला मी मळकट वाटलो. आता तांबटाच्या घरातून मळकी वस्तू जळगावला गेली तर बाजारपेठ काय म्हणेल? सोनगीरात काहीही मळलं की उपाय एकच. आबानं घंगाळात चिंच कोळली, मूठभर मीठ टाकलं आणि मला त्यात सोडलं. मग चहा घ्यायला गेला.

मी समुद्रात राहिलो, घामात राहिलो, बंबात राहिलो. पण चिंचेच्या पाण्यासारखं काही नाही. आधी अंगाला मुंग्या आल्या. मग बारीक बुडबुडे. माझी कातडी सुटते आहे हे मला समजत होतं आणि शेजारचे अकरा काचेचे आपले मजेत बसले होते, जणू यात्रेला आले आहेत.

आबा परत आला, मला काढून धुतलं, पुसलं, आणि ओसरीवर बसून बघतच राहिला. पन्नास मोती खडूसारखे पांढरट पडले होते. अकरा लखलखत होते.

आता तांबटाचं सगळं आयुष्य एका गोष्टीवर उभं असतं. चिंच लावली की खरं तांबं उजळतं आणि खोटं काळं पडतं. आबानं सत्तर वर्षं हेच पाहिलं होतं. त्यानं मला दोनदा फिरवून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. संध्याकाळी कुंदाबाई आणि हितेंद्र घरी आले तेव्हा तो उंबऱ्यातच उभा होता.

"वहिनी, घात व्हयना. सरमा फक्त अकराच मोती असली शेतस. पन्नास बठ्ठा नकली."

कुंदाबाईनं मला त्याच्या हातातून घेतलं. घंगाळ पाहिलं. चिंचेचा चोथा पाहिला. खाली बसली. तिला हसू येत होतं की रडू, मलाही कळेना.

"सर घरबाहेर कोणाकडे जास?" आबा बोलतच होता. "एकीकडेच. ती धुरपदा. पन्नास मोती गिळात तिनी. सकाळे तिले बलावस, बठ्ठासना समोर. नही बोलनी तर पोलिसमा जास."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर सगळे भाऊबंद जमले. धुरपदाबाई धुळ्याहून बसनं आली. आता थकली आहे, हातात पिशवी, पिशवीत कात्री आणि रेशमाची गुंडी, कारण कुंदाबाई कालच येऊन गेली होती आणि तिला वाटलं ओवायला बोलावलंय. आबानं तिला उभी ठेवूनच विचारलं. तिनं ऐकून घेतलं. एकदा कुंदाबाईकडे पाहिलं, मग खाली.

"मी पन्नास बदलाया नहीत," ती म्हणाली. "बाकीनं माले इचारू नका."

"म्हंजे बाकीनं काही शे."

ती एक शब्द बोलली असती तर सुटली असती. नाही बोलली तर देवपुरात तिच्याकडे कोणी काळी पोतसुद्धा ओवायला देणार नव्हतं. आबानं हितेंद्रला म्हटलं, "गाडी काढ. ठाणामा जाऊत."

मी त्या वेळी कुंदाबाईच्या गळ्यात होतो. सकाळीच तिनं का कोण जाणे, कानबाईला घालतात तसं मला पदराखाली घातलं होतं. तिच्या घशाशी काहीतरी आलं. मी नेहमीप्रमाणे ते खाली जायची वाट पाहिली. ते गेलं नाही.

"भटूभाऊ, गाडी राहू द्या. उलटं शे."

"काय उलटं?"

"पन्नास खरा शेतस. तुम्ही त्यास्नी कातडी काढी टाकी. त्या अकरा काचना शेतस. त्या मी बदलाया."

ओट्यावरचे सगळे पुढे सरकले.

"चिंचमा खरं उजळस, वहिनी," आबा हळूच म्हणाला. त्याला तेवढंच सुचलं.

"तांबं उजळस. मोती नही. दातवर घासी देखा. खरा करकरस, काच सरकस."

कुंदाबाईनं मला गळ्यातून काढून दिलं, तसा आबानं एक मोती तोंडाकडे नेला आणि थांबला. धुरपदाबाई पहिल्यांदाच आपणहून बोलली. "आबा, तुम्हना दात कवळीना शेतस. खोटा दातवर खरा मोती काय सांगी?" कोणीतरी मागे फिसकन हसलं. मग तिनंच घासला. खडूसारखा दिसणारा करकरला. लखलखणारा सरकला. हितेंद्रनं घासून पाहिला. तसंच.

"अकरा कोठे गयात?" आबानं विचारलं.

कुंदाबाईनं नावं घेतली. एकेक. घरातल्या अकरा लेकींची. प्रत्येक नावाला ओट्यावरचा कोणीतरी बाप किंवा भाऊ मान वर करायचा. "त्यास्ले रोट चालत नही," ती म्हणाली. "सव्वा मूठ गहू त्यास्ना नावना नही. मी रोट दिधा नही. नियम मोडा नही. पण रिकामा हातनी कशी धाडू?" मग तिनं कमरेची किल्ली सोडली आणि आबापुढे ठेवली. "देवीनं व्हतं, मी काढं. आते तुम्ही ठरावा."

आबा किल्लीकडे बघत नव्हता. "रोहिणीले बी?"

"पैला तिलेच."

आबानं खिशातून फोन काढला. तो फोनवर बोलताना पलीकडच्या गावाला ऐकू जाईल एवढं मोठ्यानं बोलतो, आणि फोनचा आवाजही तेवढाच मोठा ठेवतो, म्हणून दोन्हीकडचं सगळ्यांनी ऐकलं.

"रोहिणी, तुनाजोडे मोती शे का?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग, "कोणता मोती, आबा?"

"वहिनीनी सांगी दिधं."

"मंग शे."

"कोठे ठेवेल शे?"

"हळदनी डबीमा. कधी लई आठवण उनी तर काढीसन देखस, परत ठेवी देस."

आबानं फोन बंद केला. टोपी काढली, परत घातली. ओट्यावरचे सगळे तो काय म्हणतो याची वाट पाहत होते. त्यानं किल्ली उचलली, कुंदाबाईपुढे सरकवली आणि घसा साफ केला.

"मंग आते मी बी सांगस. वाघ नव्हता."

"आमले ठाऊक शे," तीन-चार जण एकदमच म्हणाले.

"ठाऊक शे?"

"आबा, वाघ दर साल मोठा व्हई राहिना," हितेंद्र म्हणाला.

आबा जरा हिरमुसला, पण सावरला. धुरपदाबाईला त्यानं स्वतः पाट दिला, चहा दिला, आणि तिच्यासमोर कान धरले. बशीत चहा ओतत ती म्हणाली, "कान तुम्हनाच धरा, आबा. माले पहिलेच कमी ऐकू येस, मना धरशात तर आनखी कमी येई." तेवढ्यात ऋतिका पुढे आली. तिचं लग्न दिवाळीनंतर ठरलं आहे.

"आजी, माझा कुठला?"

कुंदाबाईनं आबाकडे पाहिलं.

"बारावा काढा," आबा म्हणाला. "लिलावना पहिले. बठ्ठासमोर."

धुरपदाबाईची कात्री शेवटी कामाला आलीच. ऋतिकानं स्वतः निवडला, चिंचेनं सगळ्यात जास्त खरवडलेला. "हाच ओळखू येईल," म्हणाली. मग तिथेच काचेचे अकरा वेगळे काढले आणि आम्ही उरलेले पुन्हा ओवले गेलो. काचेचे डब्यात गेले. पुढच्या श्रावणात कानबाईच्या गळ्यात तेच असतील. नारळाला त्यांची ऊब पुरेल.

भूपेंद्रला सगळं खरं सांगितलं. त्यानं डोक्याला हात लावला. पण जळगावच्या यंत्रावर आमचे फोटो निघाले आणि प्रत्येकाच्या पोटात समुद्र निघाला. एका म्हाताऱ्या कारागिरानं आमचा वरचा पापुद्रा हळूहळू काढला. मोत्याला कांद्यासारखे थर असतात. खालचा उजळ निघाला. मी थोडा बारीक झालो. या वयात होतंच.

लिलावाला सगळी भाऊबंदकी एका गाडीत कोंबून जळगावला आली. गार हवेचा हॉल, मऊ खुर्च्या. भूपेंद्रनं आबाला बजावलं, की हात वर केला तर बोली धरली जाईल. आबाचा कान खाजत होता. त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले आणि कान खांद्याला घासत बसला. आरतीनंतरच्या नारळाच्या लिलावाची सवय असलेल्या माणसाला हे फार जड गेलं.

पुस्तकात माझी हकीकत छापली होती. लाजणारे गृहस्थ, बंब, जहागीरदारीण, झिपरूपासून घरात जेवढं चालत आलं होतं तेवढं. शेवटी लिहिलं होतं, की मूळच्या एकसष्टपैकी बारा मोती घरच्या लेकींकडे आहेत आणि ते विक्रीला नाहीत. वाघ नव्हता. आबानं ते पान हितेंद्रकडून दोनदा वाचून घेतलं, वाघ चुकून राहिला तर नाही ना म्हणून.

बोली सुरू झाली. जळगावचे एक सराफ थोडं चढले आणि थांबले. माझी खरवडलेली कातडी त्यांच्या नजरेत आली असावी. भूपेंद्रचा हातोडा वर गेला. हितेंद्रनं डोळे मिटले, कारण एवढ्या पैशांत गाळा येत नव्हता. तेवढ्यात फोनवरून बोली लावणाऱ्या कोणा बाईचं म्हणणं हॉलमध्ये सांगणारी मुलगी उठली.

"त्या विचारतात, ते लेकींचं खरं आहे का?"

हॉलमधले सगळे मागे वळले. कुंदाबाई मागच्या रांगेत होती. तिला उभं राहावं लागलं.

"खरं शे," ती म्हणाली. एवढंच. गिळलं काही नाही.

फोनवरच्या बाईनं बोली चढवली. सराफ एकदा अजून बोलले, मग हसून त्यांनी हात जोडले. हातोडा पडला. गाळा झाला, यंत्र मात्र जुनं घ्यावं लागेल असं हितेंद्र म्हणाला. आबा म्हणाला, जुनंच बरं, कमी बाटल्या काढेल.

निघताना कुंदाबाईनं मला बघायची परवानगी मागितली. हातमोजे घाला म्हणाले. तिनं एक मोजा घातला, मग काढून ठेवला आणि मला तळहातावर घेऊन थोडा वेळ बसली. मी कोमट झाल्यावर मला खाली ठेवलं.

आता माझी नवी मालकीण. बाई, तुम्हाला मी पाहिलेलं नाही, फक्त तुमचा प्रश्न ऐकला आहे. एवढी विनंती आहे. मला कपाटात फार दिवस ठेवू नका, अंगाला लावत जा. चिंच, लिंबू, दही यांच्यापासून लांब ठेवा, आणि घरात कोणी तांबट पाहुणा आला तर मला लपवा. मी मोजून एकोणपन्नास आहे, कागदावर तसंच लिहिलंय. पुढेमागे कधी मी एक कमी भरलो, तर पोलिसात जाऊ नका. आधी घरातल्या सगळ्यात गप्प बाईला विचारा. आणि ती काही सांगत नसेल, तर दुसऱ्यांदा विचारू नका.